बीळउंदराचा खांदा

प्राणिसंशोधन संस्थेत तिला सगळे भुसाबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. उंदीर सोलताना बोटांतून निसटू नये, ओल शोषली जावी, म्हणून लाकडाचा बारीक भुसा लागतो. तो भुसा तिच्या केसांत असे, बाह्यांवर असे, चहाच्या कपाच्या तळाशीसुद्धा असे. एकोणीस वर्षं ती तळमजल्यावरच्या खोलीत बसून बोटभर उंदरांची कातडी उतरवत होती. "काय भुसाबाई, आज किती?" असं कुणी जाता जाता विचारलं की हसून आकडा सांगायची. मनात म्हणायची, हसा लेको, हसून घ्या.

कारण तिला एका माणसाचं नाक कापायचं होतं, आणि तो माणूस वरच्या मजल्यावर बसत होता.

तो माणूस म्हणजे तिचे भावजी. सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. एकोणीस वर्षांपूर्वी दोघांनी एकाच जागेसाठी अर्ज केला होता. जागा संशोधकाची, परीक्षा हाताची. तीन परीक्षकांसमोर उंदराचा खांदा उघडायचा आणि एकेक स्नायू सुटा करून दाखवायचा. उंदराचा खांदा तो केवढा? वाटाण्याएवढा. त्यात डझनभर स्नायू, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. तिनं पाऊण तासात सगळे सोडवले, एकही तंतू न तुटता. एक परीक्षक तर खुर्चीतून उठून टेबलाजवळ आला आणि वाकून बघत राहिला. भावजींनी दोन स्नायू फाडले आणि तिसरा शोधता शोधता वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी निवड समितीच्या अध्यक्षांनी तिला आत बोलावलं. "हात उत्तम आहे हो तुमचा," ते म्हणाले. "पण वडिलांना कंपवात आहे असं कळलं. उद्या तो तुमच्यात उतरला तर? ही जागा तीस वर्षांची आहे. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. बाबांचा थरथरणारा हात घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. ते चारचौघांत हात खिशातून काढतच नसत. ठाऊक होतं ते घरातल्यांना, म्हणजे बाबांना, दोघी बहिणींना आणि जावयाला. आणि जावई अर्ध्या तासापूर्वीच अध्यक्षांच्या खोलीतून बाहेर पडले होते, चष्मा पुसत, तिच्याकडे न बघता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आठवडाभरात जागा भावजींना मिळाली. तिची बोळवण करायची म्हणून तळमजल्यावरचं सोलायचं काम तिला दिलं.

तिनं ते घेतलं. न घेऊन करते काय? संशोधकाच्या जागेवरच्या माणसाला आधी चार वर्षं संस्थेच्या लांबच्या केंद्रावर राहावं लागे. भावजी तिकडे गेले, ताई त्यांच्याबरोबर गेली. बाबा राहिले हिच्याकडे. दहा ते पाच उंदीर, पाचनंतर बाबा. शर्टाची बटणं लावायची, घास भरवायचा, कूस बदलायची, असं चार वर्षं बाबा जाईपर्यंत. लग्नाची बोलणी आली तशी गेली. आणि ताईला तिनं या परीक्षेबद्दल चकार शब्द सांगितला नाही. बिचारीला काय माहीत नवऱ्याचे धंदे? कशाला तिच्या संसारात विष कालवा? राग आणि माया तिनं अशी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली होती, आणि तिला त्याचा जरा अभिमानही होता.

भावजी परत आले ते मोठे होऊनच. त्यांचा विषय उंदरांचा खांदा. एकाच कुळातल्या तीन जाती त्यांनी घेतल्या. फांद्यांवर चढणारा झाडउंदीर, मोकळ्यावर पळणारा शेतउंदीर आणि जमिनीत बोगदे खणणारा बीळउंदीर. तिघे चुलतभाऊ, पण राहणी वेगळी, तर खांदाही वेगळा असणार, हा त्यांचा सिद्धांत. आणि त्यांना एक फरक सापडलाही. उंदराच्या कातडीखाली अंगभर एक पातळ स्नायू असतो, माशी बसली की कातडी थरारते ना, तो. त्याची एक अरुंद पट्टी काखेतून जाऊन दंडाच्या हाडाला चिकटते. झाडउंदरात ती होती, शेतउंदरात होती. बीळउंदरात नव्हती! शंभरावर बीळउंदीर तपासले, एकातही नाही. भावजींनी जाहीर केलं, की खणताना खांदा मातीत रेटायचा असतो, तिथं कातडी हाडाला बांधलेली परवडत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ही पट्टी झिजली आणि नाहीशी झाली. "मातीनं खांदा घडवला," असं ते भाषणात म्हणायचे आणि मग टाळ्यांसाठी थांबायचे.

भुसाबाईही टाळ्या वाजवायची. तिलाही ते खरंच वाटत होतं, सहा वर्षांपूर्वीपर्यंत.

सहा वर्षांपूर्वी एक बीळउंदीर आला तो पाठीवरचे केस गळलेला. कातडं ठेवण्यात अर्थ नव्हता. नाहीतर रीत अशी, की कातडं उतरवायचं, कापूस भरून ते ड्रॉवरमध्ये ठेवायचं आणि सोललेलं अंग स्पिरिटच्या बरणीत घालून वर पाठवायचं. हा एक तसाच, अख्खा राहिला. तिला जुनी हुक्की आली. तिनं दार लोटलं, भिंग ओढलं आणि काख उघडली.

पट्टी होती. चांगली जाडजूड, दंडाच्या हाडाला घट्ट चिकटलेली.

ती बघतच राहिली. मग दुसरा बीळउंदीर घेतला, नेहमीसारखा सोलला, आणि या वेळी बरणीकडे न बघता उतरवलेलं कातडं उलटं करून भिंगाखाली धरलं. पट्टी तिथं होती, कातड्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून तुटून लोंबत. म्हणजे बीळउंदरातून पट्टी नाहीशी केली होती ती मातीनं नव्हे, भुसाबाईनं! तिची सोलायची पद्धतच तशी. ती पातं कमी वापरायची. भुसा टाकून अंगठ्यानं कातडं मागे लोटायचं, की ते हातमोज्यासारखं निघे, आणि आतला पातळ पापुद्रा बरोबर घेऊन निघे. तिच्याआधीचे म्हातारे काका पात्यानं सोलत. त्यांच्या हातून पापुद्रा अंगावरच राही. झाडउंदीर आणि शेतउंदीर सगळे काकांच्या काळातले, बीळउंदीर सगळे तिच्या काळातले. भावजींनी दोन जातींमधला म्हणून जो फरक मांडला, तो दोन हातांमधला फरक होता.

आणि हे त्यांना कळायचं तरी कसं? कातड्याच्या चिठ्ठीवर सोलणाऱ्याची खूण असते, बरणीच्या चिठ्ठीवर नसते. कातडी तळमजल्यावर, बरण्या वर. भावजी नाक वर करून जिन्यानं चढत, ते तळमजल्यावर वळून बघतील कशाला? "ते काम काय, कुणीही करेल," असं ते एकदा ताईसमोर म्हणाले होते.

त्या दिवशी तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तिनं एकटीनंच दोन कप चहा प्यायला. लगेच वर जाऊन सांगता आलं असतं. भल्या माणसानं तेच केलं असतं. पण हिनं मूग गिळले. आत्ता सांगितलं तर भावजी एक टीप लिहून मोकळे होतील, वर आभारही मानतील. छे! त्यांना आणखी वर चढू दे. आणखी लेख लिहू दे, पाठ्यपुस्तकात ते चित्र जाऊ दे. मग खालची शिडी काढू. सहा वर्षं ती बीळउंदीर अंगठ्यानंच सोलत राहिली, मुद्दाम, एकही न चुकता. भावजींचा आकडा शंभरावरून दोनशेच्या पुढे गेला तो तिच्याच कृपेनं.

आणि एका सोमवारी भावजी स्वतः तळमजल्यावर उतरले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. भुशानं बूट खराब होतील म्हणून दारातच उभे राहिले.

"अगं, तुझ्याकडे एक काम होतं," ते म्हणाले. "संचालकपदासाठी माझं जाहीर व्याख्यान आहे शुक्रवारी. बाहेरून तज्ज्ञ येणार आहेत. मोठ्या पडद्यावर दोन्ही खांदे शेजारी शेजारी दाखवायचेत, झाडउंदराचा आणि बीळउंदराचा. मी बोलेन, तू उघडून दाखव. माझा हात आता सवयीत राहिला नाही."

"मी?" ती म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा आहे का तुम्हाला, भावजी?"

त्यांना टोमणा कळला की नाही देव जाणे. "घरचंच माणूस आहेस तू," ते हसले. "दोन सोललेले तयार ठेव म्हणजे झालं."

"सोललेले कशाला?" ती भोळा चेहरा करून म्हणाली. "अख्खेच घेऊ या की. केसाळ उंदरापासून थेट हाडापर्यंत. लोकांना बघायला मजा येईल."

भावजींना कल्पना भलतीच आवडली. "वा! तुझ्यातही नाट्य आहे म्हणायचं," असं म्हणत ते गेले. त्यांची पाठ वळली आणि ती खुर्चीत बसून तोंडावर हात दाबून हसली. आपणहून मान पुढे केली की हो माणसानं!

चार दिवस दार लावून तिनं काकांची पद्धत गिरवली. पातं आडवं धरायचं, केसांच्या मुळांलगत सरकवायचं, पापुद्र्याला धक्का लावायचा नाही. पहिल्या तीन उंदरांच्या चिंध्या झाल्या. चौथा जमला. आठवा असा जमला की काकांनी पाठ थोपटली असती.

गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. "चिमे, उद्या नीट कपडे घालून ये बाई, भुसा झटकून. आणि यांना शोभेल असं कर सगळं. रात्र रात्र झोपले नाहीत गं."

ताई रडेल. ताईचं तोंड चारचौघांत काळं होईल, आणि तिचा यात काय दोष? तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ हातातल्या पात्याकडे बघत बसली. मग तिनं ठरवलं, की ताईची समजूत नंतर घालता येईल, पायावर डोकं ठेवायला लागलं तरी ठेवू. पण हा माणूस उद्या सुटला तर पुन्हा हाती लागायचा नाही.

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत ताई, तिच्या शेजारी निवड समिती आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञ पाहुण्या, पिकल्या केसांच्या, वही उघडून बसलेल्या. मंचावर टेबल, त्यावर कॅमेरा, मागे भिंतभर पडदा. भावजी रंगात आले होते. तिनं आधी झाडउंदीर घेतला. पडद्यावर तिची बोटं खांबाएवढी दिसत होती, आणि त्या बोटांना साधा कंप नव्हता. पट्टी दिसली तशी भावजींनी काठी लावून दाखवली. "ही बघा. आणि आता हाच भाग बीळउंदरात बघा. ही पट्टी तिथं नाही. मातीनं खांदा घडवला!"

टाळ्या झाल्या. तिनं बीळउंदीर पुढे ओढला. पातं आडवं धरलं. कातडं उतरलं, काख उघडली, आणि तिनं चिमट्यानं पट्टी अलगद उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर ती दोरखंडासारखी दिसली, एका टोकाला दंडाचं हाड. मग मागून कुणीतरी फसकन हसलं.

भावजींची काठी पडद्यावर तशीच टेकलेली. "हा... हा एखादा अपवाद असेल," ते म्हणाले.

"दुसरा आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "तिसराही आहे. उघडू?"

भावजी कच्चे नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं लख्ख कळलं. ते श्रोत्यांकडे वळले. "मला वाटतं, आमच्या सोलणाऱ्या बाईंच्या हातून आधीच्या नमुन्यांत काही चूक झालेली दिसते."

हे ते बोलणार, हे तिला सहा वर्षांपासून माहीत होतं. "झाली," ती म्हणाली, आणि माईकची गरजच पडली नाही. "दोनशे एकतीस वेळा झाली. माझ्याच हातानं. कातडं सुंदर निघावं म्हणून मी अंगठ्यानं सोलते, आणि पट्टी कातड्याबरोबर निघून येते. प्रत्येक कातडं खाली ड्रॉवरमध्ये आहे, प्रत्येकावर माझी खूण आहे, ओलं करून बघा, पट्टी तिथंच सापडेल. पण सर, तुम्ही कधी विचारलंत का, की हे कुणी सोललं आणि कसं सोललं?"

पाहुण्या बाईंनी वही मिटली. "सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "कातड्यासकट अख्खे बीळउंदीर किती उघडलेत आपण?"

भावजींनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. उत्तर एका अंकाचं होतं आणि ते शून्य होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"आणखी एक," ती म्हणाली. तोंड आता आवरतच नव्हतं, आणि तिला आवरायचंही नव्हतं. "एकोणीस वर्षांपूर्वी याच संस्थेला सांगितलं गेलं, की हिच्या घरात कंपवात आहे, हिचा हात टिकायचा नाही. हा घ्या हात. बघून घ्या." तिनं हात कॅमेऱ्याखाली पसरला आणि सगळं सभागृह गप्प होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

खाली आपल्या खोलीत येऊन ती बसली तेव्हा अंगातून वारं निघून गेल्यासारखं झालं होतं. व्याख्यान अर्ध्यावर संपलं होतं. समितीची माणसं भावजींना न भेटताच गेली, हे शिपायानं येऊन सांगितलं, वर "भुसाबाई, कमाल केलीत" म्हणाला. तिला वाटलं होतं त्यापेक्षाही गोड लागलं ते.

तेवढ्यात ताई आली. डोळे सुजलेले. भुशातून तरातरा चालत टेबलापाशी आली आणि स्टुलावर बसली.

"ताई, मला माफ कर," ही म्हणाली. "तुला दुखवायचं नव्हतं मला. तुला माहीत नाही, त्यांनी त्या वेळी समितीला जाऊन..."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना जायला."

भुसाबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"असं काय बघतेस? ते नकोच म्हणत होते. मी मागे लागले. ती जागा तुला मिळाली असती तर तू गेली असतीस चार वर्षं केंद्रावर. मग बाबांचं कोण करणार होतं? मी? नव्या संसारात मी ती उस्तवार करायची? मला नाही जमायचं ते, माहीत होतं मला. तुला जमतं सगळं." ताईचा आवाज चिरकला. "तेव्हा मला बोलायचं होतंस, चिमे. त्या माणसाला चारचौघांत नागडं का केलंस? आमच्या ताटात माती कालवलीस तू!"

भुसाबाईनं समोरच्या बाईकडे बघितलं. एकोणीस वर्षं दर रविवारी हिच्याशी ती फोनवर बोलत होती. हिला त्रास नको म्हणून किती गोष्टी तिनं गिळल्या होत्या, आणि त्यातली एक तर फारच मोठी होती. बाबा गेले तेव्हा ताई दुसऱ्या दिवशी पोचली होती आणि दारातच कोसळली होती. "मी यायला हवं होतं गं," म्हणत होती. तेव्हा भुसाबाईनं तिला कुशीत घेऊन सांगितलं होतं, की शांत गेले, झोपेतच गेले, कुणाची आठवणसुद्धा काढली नाही, तू जिवाला लावून घेऊ नकोस. पंधरा वर्षं ताई त्या एका वाक्यावर सुखानं झोपत होती.

"ताई," ती म्हणाली, "बाबा झोपेत नाही गेले."

ताईनं मान वर केली.

"अकरा दिवस लागले त्यांना. अकराही दिवस ते तुलाच विचारत होते. थोरली निघाली का, थोरली कुठवर आली. मी तुला रोज फोन करत होते आणि तू रोज उद्या म्हणत होतीस, आठवतं? मी त्यांना सांगायचे, निघाली आहे, वाटेत आहे. ते दाराकडे तोंड करून झोपायला लागले. शेवटी शेवटी तर मलाच तू समजायचे."

"गप्प बस," ताई म्हणाली. "खोटं बोलतेस तू."

"पंधरा वर्षं खोटं बोलत होते. आता नाही."

ताई उठायला लागली. भुसाबाई तिच्याआधी उठली, दाराशी गेली, आणि तिनं दार लावून आतून कडी घातली. मग परत येऊन खुर्ची ताईच्या समोर ओढली, बसली, आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.